आमच्या हॉलमधली कंपनी

माझ्या नवऱ्याची कंपनी सुरू झाली ती आमच्या हॉलमध्ये, दिवाणाच्या जागी.

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात तिसऱ्या मजल्यावर आमचा एक बेडरूमचा फ्लॅट. गिरगावातल्या एका खोलीतून आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा मला सगळ्यात अप्रूप होतं ते हॉलचं. गिरगावात पाहुणा आला की बायकांनी ओट्याला पाठ लावून उभं राहायचं, कारण दुसरी जागाच नव्हती. इथे पाहुण्याला बसायला वेगळी खोली होती. मी तिच्यासाठी मोतिया रंगाचे पडदे शिवून घेतले. दिवाणावर सोलापुरी चादर घातली. ती चादर चुरगळू नये म्हणून आम्ही दोघं खालीच बसायचो, आणि त्यावरून तो मला चिडवायचा.

मी तिथल्याच एका मराठी शाळेत शिकवत होते, दुपारच्या सत्रात. तो अंधेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. आम्हांला मूल नव्हतं. त्याची कारणं इथे सांगत बसत नाही, नव्हतं, एवढंच.

मोबाइल तेव्हा अजून नवलाचा होता. मिस्ड कॉल देऊन अर्धी कामं व्हायची. एका रविवारी सकाळी त्याने त्याचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हा गेम खेळून बघ जरा." बोटाच्या दोन पेरांएवढा पडदा, त्यात एक चेंडू आणि भिंत. मी ओट्याशी उभ्या उभ्या खेळायला लागले. चेंडू पडला की पुन्हा, पडला की पुन्हा.

"किती वेळ खेळलीस माहितीय?" त्याने विचारलं.

"पाच मिनिटं."

"मग कुकर बघ."

डाळ पार करपली होती. मी त्याच्यावर ओरडले, पण तो हसत नव्हता. "तुला खेळांची आवड नाही, तरी तू अडकलीस," तो म्हणाला. "एवढ्याशा पडद्यावर. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन असणार आहे."

महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. मला म्हणाला, "थोडे दिवस घरातूनच करतोय. जमलं की जागा घेऊ." दिवाण बेडरूममध्ये गेला, तिथे तो मावेना म्हणून माहेरी गेला. हॉलमध्ये चार टेबलं आली.

पहिला माणूस आला तो आमच्याच बिल्डिंगमधला. दुसऱ्या मजल्यावरचा गुजराती मुलगा, त्याच्या वडिलांचं केबिन रोडला बनियन-मोज्यांचं दुकान होतं. मुलगा कॉम्प्युटर शिकला होता, पण गल्ल्यावर बसून बनियन विकत होता. नवऱ्याने जिन्यात सहज विचारलं आणि दुसऱ्या दिवशी तो सकाळी दारात. "भाभी, चप्पल बाहर निकालू के अंदर?" हे त्याचं आमच्या घरातलं पहिलं वाक्य. प्रोग्रॅम तो लिहायचा. बोलायचा कमी, आणि बोलला तर हिंदी, गुजराती, मराठी सगळं एकाच वाक्यात.

मग चित्रं काढायला कोणीतरी हवं होतं. पश्चिमेला मुर्धा गावातली एक मुलगी आली. चित्रकलेचा कोर्स केलेली, वीस-एकवीसची. एकटी नाही आली, वडील बरोबर होते. ते मिठागरात काम करायचे. उन्हाने रापलेला, उंच माणूस. दारातच उभे राहून त्यांनी हॉल, टेबलं, कॉम्प्युटर, गुजराती मुलगा सगळं नीट बघून घेतलं.

"ह्ये घर हाय का हापिस?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," माझा नवरा म्हणाला.

"मंग बाईमानूस कोन हाय घरान?"

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. हाताला पीठ होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे वळून म्हणाले, "ऱ्हा." झाली तिची मुलाखत. ती त्या दिवसापासून मला वयनी म्हणायला लागली.

पुढे अजून दोघं-तिघं आले. सकाळी दाराबाहेर चपलांचा ढीग. मला बेडरूममधून स्वयंपाकघरात जायचं तर ऑफिसमधून जावं लागायचं, तेही केस नीट करून. टीव्ही बंद. आवाज नको, फोन नको. माझी बहीण आली तर तिला मी बेडरूममध्ये बसवायची. मोतिया पडद्यांवर कोणीतरी मार्करने बाण काढला होता. तोंडाने मी काही बोलत नसे, पण आतून मला तो हॉल परत हवा होता.

एकदा भांडण झालंच. "मी लग्न तुझ्याशी केलंय, कंपनीशी नाही," असं काहीतरी बोलले. तो म्हणाला, "एक गेम चालू दे. एकच. मग सगळं उचलून नेतो." गेम काही चालत नव्हता. क्रिकेटचा केला, मोटारींचा केला, दोन देवांचे केले. पेपरात छोटी जाहिरात यायची, तिच्यात दिलेला शब्द लोकांनी ठरलेल्या नंबरवर पाठवायचा, मग मोबाइल कंपनी त्यांच्या बॅलन्समधून पैसे कापणार आणि गेम त्यांच्या फोनवर येणार. थोडे लोक घ्यायचे. क्रिकेट आणि मोटारी सगळेच करत होते, आमच्यापेक्षा चांगले करत होते.

भाईंदरला त्या वर्षांत राहिलेल्यांना पाण्याचं सांगायला नको. दिवसाआड यायचं, ते किती वेळ राहील याचा भरवसा नाही. वरच्या टाकीत चढायचंच नाही म्हणून खालच्या टाकीतून मोटर लावून सोसायटी प्रत्येक घराला थोडं थोडं सोडायची. नळाला खरखर झाली की मी ओरडायची, "पाणी आलं!" आणि धावायची. आधी प्यायचा हंडा, मग कळशा, मग मोरीतली दोन पिंपं, मग बालद्या. रबरी पाईप एकच. तो एकातून दुसऱ्यात घालेपर्यंत लादीवर सांडलं की जीव तुटायचा.

एका सकाळी कुठलासा गेम त्याच दिवशी द्यायचा म्हणून सगळे लवकर आले होते. मी ओरडले, आणि त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा फारच जोरात आलं. मला एकटीला झेपेना. "अरे, कोणीतरी या!" मी हाक मारली.

सगळे आले. गुजराती मुलाच्या हातात मी पाईप दिला आणि बालद्या ओढायला गेले. तो पाईप धरून दोन पिंपांच्या मधे उभा. "भाभी, किधर डालू?"

"हंडा भरला का बघ आधी!"

"हंडा भरला, वयनी, सांडला पन!" ती मुलगी मोरीच्या दारातून ओरडली. "डावीकडचं पिंप! डावीकडचं!"

"मेरा डावा के तेरा डावा?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला असणार, धार एकदम बारीक झाली. सगळे श्वास धरून धारेकडे बघत राहिले. ती पुन्हा वाढली तेव्हा सगळे एकदम ओरडले, जसा काही कोणी षटकार मारलाय. मुलगी हसून हसून खाली बसली, तिची ओढणी पाण्यात. मी पण हसत होते. आणि माझा नवरा काहीच करत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता. त्याच्या पायाशी बालदी भरून वाहत होती.

"अरे, बघतोस काय? बालदी सरकव!"

त्याने बालदी सरकवली नाही. म्हणाला, "हाच."

"काय हाच?"

"हाच गेम. आपण मूर्ख आहोत. हाच."

त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले, कारण मला सोडतच नव्हते. मला मधे बसवून प्रश्न. पिंप किती वेळात भरतं? धार बारीक झाली तर तुम्ही काय करता? पाईप लादीला लागला तर? मी म्हटलं, तर ते पाणी प्यायला चालत नाही, ते मोरीतच. ते लगेच लिहून घेतलं. बेल वाजली तर? शेजारीण एक कळशी मागायला आली तर? मी म्हटलं, तिला नाही म्हणता येत नाही, कारण उद्या मला लागेल. नवऱ्याने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "हे फार चांगलं आहे." इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझं बोलणं इतकं कान देऊन ऐकलेलं मला आठवत नव्हतं.

चित्रं त्या मुलीने काढली. पडद्यावर बाई केवढी, तर तांदळाच्या दाण्याएवढी. बारीक बारीक चौकोनांची ती बाई तिने मला कॉम्प्युटरवर मोठी करून दाखवली. गाऊन, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर कसाबसा बांधलेला अंबाडा.

"ही मी?" मी विचारलं. "मी अशी दिसते?"

"तुमी हाव तशीच काढली, वयनी."

"साडी नेसव ना तिला."

"साडीला जागाच न्हाय. निऱ्या काढल्या तं पाय दिसाचं न्हाय, मंग ती धावल कशी?"

मग मी गाऊनला लाल रंग तरी दे म्हटलं. तेवढं तिने ऐकलं.

साध्या फोनवर नुसती पीप पीप वाजायची, पण थोड्या महाग फोनांवर माणसाचा आवाज चालत होता. तो माझा घेतला. बाथरूममध्ये उभं करून, दार लावून, मला ओरडायला लावलं. मी ओरडले तर बाहेर सगळे हसायला लागले, ते पण रेकॉर्ड झालं. पुन्हा. पुन्हा. शेवटी नवरा आत आला आणि म्हणाला, "गेमचं विसर. आज खरंच पाणी आलंय असं समज, आणि पिंपात थेंब नाही." तेव्हा जमलं.

'पाणी आलं' बाहेर आला तेव्हा पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात मोबाइल कंपनीच्या माणसाचा फोन आला, त्याने विचारलं, हिंदीत कधी देता? मग गुजरातीत, मग कन्नडमध्ये. पाणी सगळीकडेच कमी होतं. हॉलमधला फोन वाजायचा थांबेना. गुजराती मुलाचे वडील दुकानातून येताना पेढे घेऊन वर आले आणि त्यांनी मला विचारलं, "तो म्हणतो नळाचा गेम बनवला. नळाचा? ते लोक विकत घेतात?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ मान हलवत बसले.

त्या मे महिन्यात मी रत्नागिरीला माहेरी चालले होते. एसटी एका थांब्यावर चहाला उभी होती. मागच्या सीटवरून माझाच आवाज आला, "पाणी आलं!" मी दचकून वळले. एक बाई फोनवर वाकून दोन्ही अंगठ्यांनी बटणं दाबत होती, तिच्या मांडीवरचं मूल डोकावून बघत होतं. तिला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. पण पुढे घरी पोचेपर्यंत मी दर थोड्या वेळाने कान देऊन ऐकत होते.

दिलेल्या शब्दाप्रमाणे नवऱ्याने सगळं उचलून नेलं. मीरा रोडला स्टेशनजवळ एका कमर्शियल बिल्डिंगमध्ये चौथा मजला घेतला. काचेचं दार, एसी, रांगेने टेबलं, तीसेक माणसं. टेम्पोत सामान चढलं त्या संध्याकाळी मी हॉल धुतला. भिंतींना रंग दिला, नवे पडदे लावले, सोफा घेतला. आता पाहुणे बसू शकत होते.

पहिले चार दिवस मला फार बरं वाटलं. पाचव्या दिवशी शाळेतून आले, कुलूप उघडलं, आणि आत जावंसं वाटेना. खाली जाऊन भाजी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. घरात टीव्ही लावायला कोणी अडवत नव्हतं, आणि टीव्हीवर बघावं असं काही नव्हतं. पाणी यायचं तेव्हा मी ओरडायची नाही. ओरडायचं कोणासाठी? गुपचूप भरून ठेवायची.

लोक म्हणायचे, तुला पोरांची सवय झाली, पोटच्यासारखी होती ना. मला ते कधी आवडलं नाही. ती पोटची नव्हती आणि मीही त्यांना तसं मानलं नव्हतं. ती सोबत होती. एकत्र काम करताना माणसांमधे जी सोबत असते, ती. चित्र जमलं की मुलगी आधी मला हाक मारायची, "वयनी, येऊन बघा." गुजराती मुलगा प्रोग्रॅम अडला की स्वयंपाकघरात येऊन उगाच माझ्याकडून लसूण सोलायला घ्यायचा. दहा-पंधरा पाकळ्या सोलल्या की एकदम उठून जायचा, म्हणजे सुटलं असणार. आणि नवरा, जो अंधेरीच्या नोकरीत असताना घरी येऊन नुसता पेपर वाचायचा, तो दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर हसत, चिडत, फेऱ्या मारत होता.

एका शनिवारी अर्धी शाळा होती म्हणून मी साबुदाण्याची खिचडी करून मीरा रोडला घेऊन गेले. दाराशी बसलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, किसको मिलना है?" मी नवऱ्याचं नाव सांगितलं. "सर मीटिंग में हैं. आप बैठिए." मी बसले. काचेतून माझी मुलगी दिसत होती, म्हणजे मुर्ध्याची मुलगी. तिच्या हाताखाली आता चार जण होते. तिने मला पाहिलं, धावत बाहेर आली, डबा घेतला आणि दाराशीच उघडून खायला लागली. "तुमी कशाला बसल्या हितं? आत या ना." पण आत मला कुठे बसायचं ते कळेना.

नवरा उशिरा यायचा. आल्यावरही बोलणी फोनवर. मी काही म्हटलं तर म्हणायचा, "तुलाच हॉल पाहिजे होता ना?" रागाने नाही, सहज. मी पानं वाढायला घ्यायची.

ते दिवस चांगले म्हणायचे. पेपरात फोटो आला. कंपनीने अजून बरेच गेम काढले, काही चालले, 'पाणी आलं'सारखा एकही नाही. तरी गाडी चालू होती.

मग बटणं गेली.

गुजराती मुलाच्या कोणा नातेवाइकाने परदेशातून एक फोन आणला होता, तो त्याने ऑफिसात दाखवायला आणला. सगळा पडदाच. नवरा त्या दिवशी लवकर घरी आला. सोफ्यावर बसला. मी चहा दिला, तो तसाच गार झाला.

"बटणंच नाहीत," तो म्हणाला.

"मग?"

"मग आपल्या गेमचं काय? चार आणि सहा दाबून बाई इकडून तिकडे पळते. लोकांच्या अंगठ्याला ते ठाऊक झालंय. तिथे दाबायचं काय?"

त्यांनी प्रयत्न केला. तशा फोनसाठी गेम नव्याने केला. मलाही खेळायला दिला. बाई आता मोठी होती, गाऊनवर फुलंसुद्धा होती, धार खऱ्यासारखी चकाकत होती. पण बालदीवर बोट ठेवलं की बालदीच झाकली जायची. भरली की नाही ते दिसायचं नाही, आणि सगळी मजा तर त्याच्यातच होती. मी नवऱ्याला तसं सांगितलं. "हो," तो म्हणाला. "आम्हांलाही कळलंय." दुसरं कसं करायचं ते मात्र कोणाला सुचलं नाही. मी पण खूप विचार केला. शाळेत मुलं गणितं सोडवत असायची आणि मी बालद्यांचा विचार करत असायची.

बटणांचे फोन काही एकदम गेले नाहीत, पण लोकांची हौस तिकडून उडाली. मोबाइल कंपन्यांनी जुन्या पद्धतीने गेम विकणं कमी कमी करत आणलं. नव्या फोनवर जगभरचे गेम फुकट मिळायला लागले. मीरा रोडच्या ऑफिसातली माणसं एकेक करून गेली. प्रत्येक जण जाताना केक कापायचा. नवरा घरी आला आणि त्याच्या बाहीला क्रीम लागलेलं असलं की मी विचारायची, "आज कोण?"

गुजराती मुलगा मात्र घरी आला, ऑफिसात बोलला नाही. रविवारी दुपारी, वडिलांनी दिलेलं फरसाण घेऊन. स्वयंपाकघरात उभा राहिला.

"भाभी, बेंगळुरूला जॉब मिळाला. सर को बोलने की हिम्मत नहीं हो रही. तुम्ही सांगा ना."

"मी नाही सांगणार. तो आत आहे, जा."

तो गेला. बेडरूमचं दार लागलं. मला वाटलं, आवाज चढेल. काहीच ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आले, नवऱ्याचा हात त्याच्या खांद्यावर होता. "तिकडे थंडी असते संध्याकाळची," नवरा त्याला म्हणत होता. "एक स्वेटर घेऊन जा." मुलाचे डोळे लाल होते. तो वाकून माझ्या पाया पडायला लागला तर मी त्याला धरलं. सरळ होत त्याने विचारलं, "भाभी, लसूण है क्या?" आणि आम्ही दोघं हसलो, आणि मग मला मोरीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

वर्षभराने मीरा रोडची जागा सोडली. तीन टेबलं परत आमच्या हॉलमध्ये आली. टेम्पोवाल्याने ती वर आणली तेव्हा मला खरं सांगायचं तर आनंद झाला. नवऱ्याचा चेहरा बघून तो लपवला. मी पटापट सोफा गॅलरीकडे सरकवला, टेबलं पुसली, कोणतं कुठे होतं ते आठवून तिथेच लावलं. मुर्ध्याची मुलगी आणि अजून एक जण, आणि नवरा. सकाळी चपला. मला वाटलं, चला, परत सुरू झालं.

तसं ते झालं नाही. टेबलं तीच होती, पण कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. ते दुसऱ्यांसाठी कामं करत होते, एका बँकेचा फॉर्म, कोणाच्या लग्नाची पत्रिका. मुलगी येऊन आपल्या जागी बसायची, काम करायची, जायची. तिने मला बोलावलंच नाही असं नाही. पण बोलावून दाखवावं असं तिच्याकडे काही नव्हतं. तिचं लग्न ठरलं. गावातलाच मुलगा, महानगरपालिकेत होता. तिने शेवटच्या दिवशी टेबलाचे खण साफ केले आणि टेबलावर फडका मारला. मी म्हटलं, "राहू दे गं." ती म्हणाली, "माजं हाय ना, वयनी," आणि पुसत राहिली.

मग नवऱ्याने ठाण्याला नोकरी धरली. बँकांचं सॉफ्टवेअर करतात अशी कंपनी. तो दुःखी असतो असं मी म्हणणार नाही. वेळेवर जातो, वेळेवर येतो, झोपही लागते. गंमत म्हणजे तिथे सगळे त्याला फार मानतात. कंपनी बुडाली म्हणून त्याने कोणाला दोष दिलेला मी ऐकला नाही. "आपला गेम चांगला होता," एवढंच एकदा म्हणाला. "त्याचे दिवस होते तेव्हा तो होता."

मुलीला मुलगा झाला तेव्हा आम्ही बारशाला मुर्ध्याला गेलो. जेवणं झाल्यावर बायका पाळण्याभोवती बसल्या. मी नवऱ्याला शोधत बाहेर आले तर तो तिच्या वडिलांबरोबर मिठागराच्या बांधावर गेला होता. मीही गेले. ऊन उतरायला लागलं होतं. मिठाचे ढीग आधी पाहिले होते तितके आता नव्हते. बऱ्याच वाफ्यांत नुसतं गवत होतं.

"आता कोन करतं?" म्हातारे सांगत होते. "पोरं नोकऱ्यांना गेली. मी हाय तवर हाय."

नवऱ्याने विचारलं, "पण पाणी आत घेता कसं?"

त्यांनी हाताने दाखवलं. भरती आली की बांधातलं लाकडी दार उघडायचं, खाडीचं पाणी पहिल्या मोठ्या वाफ्यात घ्यायचं. तिथे ते थोडं आटलं की दुसऱ्यात सोडायचं, मग तिसऱ्यात. शेवटी लहान वाफ्यांत.

"आणि लवकर सोडलं तर?"

"घाई केली तं मीठ कालं येतं."

"उशीर केला तर?"

"मंग सगलंच सुकतं, कडक. खरवडून हात जातील."

"आणि मधेच पाऊस आला तर?"

म्हातारे हसले. "तं रडाचं."

नवरा उकिडवा बसला. एका वाफ्याकडून दुसऱ्याकडे बोट फिरवत, ओठ हलवत मनाशी काहीतरी मोजत होता. त्याच्या बुटांना चिखल लागला होता, शर्टाची बाही वाफ्याच्या कडेला टेकली होती, त्याला कशाचंच भान नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. किती वर्षांनी तो चेहरा बघत होते मी. मला आमचा हॉल हवा होता का, ती मुलं हवी होती का, मला सांगता येत नाही. मला तो चेहरा हवा होता एवढं तेव्हा लख्ख कळलं. मी हलले नाही. तो आता काहीतरी म्हणेल म्हणून थांबले. म्हातारेही थांबले, त्यांना काय वाटलं कोण जाणे.

मग तो उठला. गुडघे झटकले. "भरती किती वाजता आज?" त्याने विचारलं.

"राती."

"अच्छा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, "निघू या ना? उद्या ऑफिस आहे."

रस्त्यावर येऊन आम्ही शेअर रिक्षात बसलो. मधे एक जाडा माणूस बसला होता, त्यामुळे मला तो नीट दिसत नव्हता. मी वाकून एकदा विचारलं, "काय विचार करतोयस?"

"काही नाही गं," तो म्हणाला. "सुट्टे आहेत का तुझ्याकडे?"